आईच्या मजुरीचा रकाना

शाळाशाळांतून हल्ली आनंद मेळाव्याचा बाजार भरतो. मुले भेळ, वडे, भाजी विकतात, गल्ला मोजतात आणि पाहुणे त्यांना भावी उद्योजक म्हणून गौरवतात. आमच्या कर्जत-खालापूरच्या कातकरी, ठाकूर, बौद्ध वस्त्यांतील पोरांना मात्र विकणे शिकवावे लागत नाही. आईच्या पाटीशेजारी बसूनच ती मोठी होतात. त्यांना येत नाही तो हिशेब.

दहिवलीत आठवी-नववीच्या मुलांना मी रविवारी हिशेब शिकवतो. समजा, करवंदांची पाटी 300 रुपयांना गेली. मुले म्हणतात, नफा 300. जाण्यायेण्याचे 40 वजा केले की 260. मग मी विचारतो, पहाटेपासून रान तुडवणाऱ्या आईची मजुरी? वर्ग गप्प होतो. ती 250 धरली तर उरले 10. मुलाने स्वतःचा अर्धा दिवस मांडला तर तोटाच! नासका माल संध्याकाळी पडत्या भावाने का द्यावा लागतो, चार घरांनी मिळून लोणचे घातले तर काय होईल, हे प्रश्न पोरे त्यानंतर आपणहून विचारू लागतात.

ही मागणी जुनी आहे. 1882 साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोधाबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान मागितले. ते स्वतः कंत्राटदार होते. हिशेब न येणारा कसा नाडला जातो हे त्यांना ठाऊक होते.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची योजना आहे. पण आमचे पोर कुणाच्या हाताखाली जाणार? बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा दिली. घरचा धंदा म्हणजे या देशात बहुधा जातीचा धंदा. कौशल्याच्या नावाखाली तोच झाडू पुन्हा हाती येणार असेल, तर कार्यकर्त्यांनी आताच सावध व्हावे.

अर्थात नुसत्या हिशेबानेही भागत नाही. परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरव्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली. म्हणून मुलांच्या वहीत मी आणखी एक रकाना आखून घेतला: माल कुणी नाकारला, काय बोलून. लोणच्याच्या बरणीपुढे एका मुलीने त्यात लिहिले आहे, ‘घर कुठल्या आळीत ते विचारले. मग नको म्हणाल्या.’