नव्या संगणकावर जुने टर्बो सी

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी नव्या संगणकावर टर्बो सी प्लस प्लस टाकायला जातो आणि पहिल्याच पायरीवर अडतो. हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही, एवढेच पडद्यावर दिसते. चूक त्याची नसते.

बोर्लंड कंपनीने सी प्लस प्लस भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचे हे साधन १९९० साली डॉस प्रणालीसाठी आणले. त्याची बांधणी १६ बिटांची. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही आवृत्ती संगणकांसाठी ३२ बिटांत मिळतच नाही. त्यामुळे डॉसबॉक्सचा आधार घ्यावा लागतो. हा प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या आत जुन्या डॉस संगणकाची नक्कल उभी करतो.

खरी अडचण पुढे येते. सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण टर्बो आल्यानंतर, १९९८ मध्ये ठरले. टर्बोमध्ये पाठ केलेली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही ओळ आजचा जीसीसी कंपायलर नाकारतो. तिथे नुसते ‘आयओस्ट्रीम’ लिहावे लागते. पडदा पुसणारी ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञाही प्रमाण भाषेचा भाग नाही.

पायथॉन ही दुसरी भाषा शिकायला घेतली, तर अडचण वेगळी. ते टाकताना ‘पाथ’च्या चौकटीत खूण करायची राहिली, तर प्रोग्रॅम संगणकात असूनही आज्ञा दिल्यावर अनेकदा सापडत नाही. अशा वेळी इन्स्टॉलर पुन्हा उघडून ती खूण करता येते.