ओढण्याकडून ढकलण्याकडे : मोटारीतील इंधनाची वाट

मोटारीच्या टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचवणे हे वरवर पाहता काही मीटर नळीचे काम वाटते. परंतु या नळीतील द्रवाचा स्वभाव असा की तो ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागतो आणि त्याच्यावरील दाब कमी झाला तर त्याहूनही आधी. त्यामुळे इंधन ओढायचे की ढकलायचे, हाच या यंत्रणेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न ठरला.

आरंभी यांपैकी काहीच करावे लागत नव्हते. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीत टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरत असे. टाकीत इंधन कमी असताना तीव्र चढ लागला की इंजिनाची बाजू वर उचलली जाऊन पुरवठा तुटे, म्हणून चालक गाडी वळवून ती उलटी चढवीत. पुढे टाकी मागे आणि खाली गेली, तेव्हा इंजिनाच्या शोषणाच्या जोरावर पेट्रोल एका लहान, उंचावरील टाकीत ओढून घेण्याची युक्ती निघाली. पण चढावर इंजिनात हवा सोडणारे थ्रॉटल पूर्ण उघडले की हे शोषणच क्षीण होई, म्हणजे गरज सर्वाधिक असे तेव्हाच ती दगा देई.

१९३० च्या दशकापासून रूढ झालेला यांत्रिक पंप अधिक भरवशाचा होता. इंजिनातील कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, एका तरफेला हलवतो, तरफ रबरी कापडाचा पडदा खालीवर करते आणि दोन एकमार्गी झडपांमुळे पेट्रोल टाकीकडून, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे सरकते. तेथे एक तरंगता फ्लोट, घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकप्रमाणे, पातळी राखतो. विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये सिद्ध केलेल्या फवारा-कार्बोरेटरचे तत्त्वही ओढण्याचेच : हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तेथील दाब उतरतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाते.

या रचनेची उणीव पंपाच्या जागेत होती. तो तापलेल्या इंजिनाला चिकटलेला आणि मागच्या टाकीतून ओढणारा. म्हणजे उष्णता जास्त आणि दाब कमी, असा दुहेरी प्रतिकूल योग. नळीत पेट्रोलची वाफ होई, पडदा ती वाफच दाबत-सोडत राही आणि गाडी बंद पडे. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात घाट चढताना थांबली की बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय चालकांच्या अंगवळणी पडला होता, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी निर्दोष होता.

या दोषावर उतारा सापडला तो मात्र प्रदूषणाच्या निमित्ताने. अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, धूर-नियमांच्या दडपणाखाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. इंजेक्टर ही विद्युत झडप काही सहस्रांश सेकंद उघडून मोजके पेट्रोल फवारते. परंतु मोजमाप अचूक ठरण्यासाठी नळीतील दाब स्थिर हवा, आणि तो वातावरणाच्या दाबापेक्षा दोन-तीन पटींनी जास्त हवा. साहजिकच विजेवर चालणारा पंप आला आणि कालांतराने तो थेट टाकीत जाऊन बसला. पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर हे प्रथम ऐकताना भयावह वाटते; पण टाकीतील वाफेत ज्वलनाला पुरेल इतकी हवा सहसा नसते, आणि भोवतालचे पेट्रोलच मोटरीला थंड ठेवते. सतत रिकाम्या टाकीवर गाडी चालवल्यास पंप लवकर निकामी होतो, तो याच कारणाने. ढकललेले, दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणून व्हेपर लॉकही जवळजवळ नाहीसा झाला.

पुढे दाब वाढतच गेला. १९९६ च्या मित्सुबिशी गॅलंटपासून थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याची पद्धत व्यापक झाली. या पद्धतीच्या आजच्या गाड्यांत दाब २०० बारच्या वर, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक असतो. त्यासाठी कॅमशाफ्टवर चालणारा पंप इंजिनावर पुन्हा अवतरला, मात्र टाकीतला पंप त्याला आधीच दाबाखालचे इंधन पुरवतो. डिझेलच्या कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच दाबनळीतून इंधन देणाऱ्या, पद्धतीने १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून १,३०० बारच्या पुढे मजल मारली.

भारतात गुरुत्वाकर्षणाचा मार्ग मात्र अनपेक्षित काळ टिकला. मोटारसायकलची टाकी इंजिनाच्या डोक्यावरच असल्याने पेट्रोलचा कॉक आणि ‘रिझर्व्ह’ एवढ्यावर काम भागे. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ हे धूर-निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर आणि त्याच्याबरोबर हा मार्गही हद्दपार झाला.

आता नवा ताण इंधनाच्याच घटनेतून येत आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांशी निगडित असलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जात आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते ओलावा शोषते. नव्या गाडीचा संगणक धुरातील प्राणवायू मोजून फवारणीचा काळ वाढवतो. जुन्या कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र ठरावीक असल्याने तेथे मिश्रणात इंधनाचे प्रमाण अपुरे पडते, आणि इथेनॉल न सोसणारे जुने रबर फुगते किंवा चिरते. जतन केलेल्या जुन्या पद्मिनीसाठी इथेनॉलला टिकणारा पडदा आणि नळ्या शोधणे, हे तिच्या मालकाचे आजचे काम झाले आहे.