पाय घट्ट, तर फोटो स्पष्ट!

मुलांनो, स्नेहसंमेलनात भाषण चालू असताना माइकचा स्टँड हळूच खाली सरकतो, हे तुम्ही पाहिलं असेल. पाहुणे वाकत जातात आणि तुम्ही तोंड दाबून हसता! तसंच काहीसं आमच्या सहलीत झालं. फक्त माइकच्या जागी माझ्या भावाचा कॅमेरा होता.

मालवणचा किनारा. समोर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला. सूर्य बुडालेला. अशा कमी उजेडात फोटो टिपायला कॅमेऱ्याला कधी कधी एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात तो हलला, की फोटो पुसट! म्हणून ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांची घोडी लावतात. चुलीचे तीन दगड उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाहीत ना? तसंच हे.

"बाई, पाय आत जाता हा!" एक मुलगा ओरडला. मी झेप घेतली, म्हणून कॅमेरा वाचला. एक लॉक मी पुरतं पिळलंच नव्हतं. चूक माझीच.

ट्रायपॉडच्या पायात एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात. लॉक आतल्या नळीला आवळून धरतं. त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिलं पिळायचं, बाटलीच्या झाकणासारखं. बाहेर काही डोकावत नाही, त्यामुळे पिशवीत किंवा जाळ्यात अडकत नाही. पण ते घट्ट आहे की सैल, हे नुसतं बघून कळत नाही.

दुसरं खटक्याचं, डब्याच्या कडीसारखं. पट्टी दाबली, की बंद. उघडं राहिलं तर लांबूनही दिसतं. पण बोट चिमटतं, शिवाय वापरून वापरून ते सैल पडतं. बऱ्याच ट्रायपॉडना तिथला स्क्रू आवळता येतो.

मग घ्यायचं कोणतं? शाळेसारखं दहा हातांत फिरणार असेल, तर खटक्याचं बरं. एकट्यानेच वापरायचं आणि पिळून बघायची सवय असेल, तर पिळाचं.

मात्र आपल्या किनाऱ्यावर दोन्हींचा शत्रू एकच: वाळू आणि खारं पाणी. ओल्या वाळूत उभं करताना सगळ्यात खालची, बारीक नळी आधी पूर्ण ओढा. म्हणजे लॉक पाण्यापासून वर राहतात. घरी आल्यावर कॅमेरा काढून ठेवा, पाय गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळू द्या. ओले मिटलेत, तर आत गंज धरू शकतो.

आणि लॉक कुठलंही असो, कॅमेरा चढवण्याआधी प्रत्येक पाय वरून दाबून बघा. हे काम दहा सेकंदांचं. त्या संध्याकाळी मी तेवढंच विसरले होते.

पुढच्या संमेलनात माइकचा स्टँडही आधी दाबून बघा, बरं का! पाहुण्यांना वाकावं लागणार नाही.