फोनातला मुका रेडिओ

२०२३च्या उन्हाळ्यात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनांना एक सूचनापत्र धाडलं. फोनमध्ये एफएम रेडिओची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका, नसेल तर द्या, असा त्याचा मथितार्थ. खेड्यापाड्यांतल्या लोकांना फुकटात बातम्या आणि गाणी मिळावीत हे एक कारण पत्रात होतं. वादळ, पूर, भूकंप अशा वेळी माहिती पोचावी हे दुसरं. पत्र सल्ल्याचं होतं, सक्तीचं नव्हतं. आज मोबाइलच्या दुकानात गेलात तर दीड-दोन हजारांच्या बटणांच्या फोनात रेडिओ हमखास सापडतो आणि लाखाच्या फोनात तो नसतो. एरवी हा विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण संकटात माहितीचा शेवटचा दोर कोणता, हा प्रश्न आला की विनोद संपतो. माझ्या मते ही सोय सल्ल्यावर सोडण्यासारखी नाही, नियमाने सक्तीची करायला हवी. मात्र ती सक्ती एकट्या फोनकंपन्यांवर करून सरकार हात झटकणार असेल, तर तिचा उपयोग निम्मासुद्धा होणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, तिकडे दापोली-मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या रोठा सुपारीवर श्रीवर्धनची घरं चालतात तिची झाडं मुळासकट गेली. विजेचे खांब कोसळले, कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. करोनाची टाळेबंदी चालू होती. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडे फोन लागेना, आणि गावातल्या माणसाला चार कोसांवर काय झालंय याचा पत्ता नव्हता. आपत्तीच्या बातम्यांत हा भाग नेहमी राहून जातो. वादळ येणार हे बहुतेकांना ठाऊक असतं. हवामान खात्याचे अंदाज आता चांगले आहेत आणि निसर्गच्या वेळीही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवलं होतं. खरी आंधळी कोशिंबीर सुरू होते ती वारा पडल्यावर. घाटरस्ता मोकळा झाला का, टँकर कुठल्या वाडीत येणार, पत्रे आणि ताडपत्र्या कुठे मिळणार, पंचनाम्याला तलाठी कधी येणार, पडलेली झाडं त्याआधी उचलली तर भरपाई बुडेल का, दवाखाना चालू आहे की नाही. या प्रश्नांची उत्तरं जिल्हा मुख्यालयात कुणाकडे तरी असतात. ती वाडीपर्यंत पोचत नाहीत, कारण त्यांची वाटच मोडलेली असते.

ती वाट मोडते कशी, हे समजलं की रेडिओचं महत्त्व आपोआप कळतं. मोबाइलचा मनोरा स्वतःच्या बळावर उभा नसतो. त्याला वीज लागते; ती गेली की बॅटऱ्या काही तास तग धरतात, पुढे जनरेटर आणि डिझेल. रस्ता बंद असेल तर डिझेल येत नाही. शिवाय मनोऱ्याला मागच्या जाळ्याशी जोडणारी फायबरची तार किंवा सूक्ष्मलहरींचा दुवा लागतो; दरड कोसळली, पूल वाहून गेला की पुष्कळदा फायबरही त्याबरोबर जाते. असे शेकडो मनोरे मिळून एक जिल्हा झाकतात आणि त्यातला जो पडेल त्याच्याखालचा भाग अंधारात जातो. समजा सगळे उभे राहिले, तरी एकाच वेळी सगळे जण फोन लावू लागले की जागा पुरत नाही, कारण प्रत्येक संभाषणाला आपापला वाटा लागतो. रेडिओचं गणित उलटं आहे. उंचावरचं एक चांगलं प्रक्षेपक केंद्र सपाट मुलखात पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत ऐकू जातं. ते एकच ठिकाण सांभाळायचं, तिथेच जनरेटर ठेवायचा, तिथेच डिझेल साठवायचं. ऐकणारे शंभर असोत की दहा लाख, प्रक्षेपकावर काडीचा भार वाढत नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नव्हे. २८ एप्रिल २०२५ रोजी भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज एकदम गेली. वादळ नव्हतं, भूकंप नव्हता, एकही मनोरा पडला नव्हता. तरी मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरत गेल्या तसतसे फोन निकामी होत गेले. युरोपातल्या त्या श्रीमंत शहरांत लोक रस्त्यावर उभ्या मोटारींभोवती घोळका करून आतला रेडिओ ऐकत होते आणि सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर दुकानांतून हातोहात संपले. खिशात प्रत्येकाच्या संगणकाच्या ताकदीचा फोन होता, पण वीज का गेली आणि कधी येणार हे सांगायला तो असमर्थ होता. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको बेटावरचे शंभरातले पंचाण्णव मोबाइल मनोरे बंद पाडले, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी अ‍ॅपलला नाव घेऊन आवाहन केलं होतं की, आयफोनमधल्या एफएमच्या चिप जाग्या करा. कंपनीने उत्तर दिलं की आयफोन ७ आणि ८मध्ये ती चिपही नाही आणि तिला लागणारा अँटेनाही नाही. म्हणजे जागं करायला आत कुणी झोपलेलंच नाही.

उत्तर खरं होतं, पण त्यातच खरी मेख आहे. एफएमच्या लहरींची लांबी तीन मीटरांच्या आसपास असते, त्यामुळे ती पकडायला बऱ्यापैकी लांब तार लागते. आजवर फोनात हे काम इअरफोनची वायर करत आली. म्हणून तर ‘रेडिओ ऐकण्यासाठी हेडफोन लावा’ असा संदेश पडद्यावर येतो. २०१६मध्ये आयफोन ७ने हेडफोनचं भोक काढून टाकलं, बाकीच्या महागड्या फोनांनी तोच कित्ता गिरवला, कानात बिनतारी बोंडं आली आणि अँटेना हरवला. खुद्द रेडिओ पकडणारा भाग मात्र महाग नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ सांभाळणाऱ्या कितीतरी चिपांमध्ये तो वर्षानुवर्षं सोबत येत आलेला आहे; कंपनी त्याला अँटेनाशी जोडत नाही किंवा सॉफ्टवेअरमधून बंद ठेवते, इतकंच. अँटेनाची अडचण सुटण्यासारखी आहे. चार्जिंगच्या भोकात घातलेली वायरही तेच काम करू शकते, फक्त फोनची आखणी करतानाच तशी तजवीज हवी. ती होत नाही, कारण ग्राहक मागत नाही आणि कंपनीला त्यातून मिळकत नाही. फुकटच्या रेडिओपेक्षा डेटा जाळून ऐकलेली गाणी साऱ्या बाजाराला परवडतात.

‘ग्राहक मागत नाही’ हे कारण सुरक्षिततेच्या बाबतीत कधीच पुरेसं धरलं जात नाही. मोटारीतला पट्टा तरी कुणी हौसेने मागितला होता? आपल्याकडे तर याच फोनांचा दाखला आहे. २०१६मध्ये केंद्राने नियम केला की, १ जानेवारी २०१७पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर संकटात मदत मागण्याचं बटण हवं. कंपन्यांनी ते दिलं, फोन काही महाग झाले नाहीत. भारतासारख्या बाजाराला पाठ दाखवणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही, त्यामुळे नियम इथे केला तर तो पाळला जाईल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की, रेडिओची गरजच काय. आता सरकार थेट फोनवर इशारा पाठवतं. २०२३मध्ये मोठा भोंगा वाजून पडद्यावर चाचणीचा संदेश आला आणि अनेकांच्या छातीत धस्स झालं, ती हीच व्यवस्था. ती उत्तम आहे. तिला इंटरनेट लागत नाही, एका पट्ट्यातल्या सगळ्या फोनांवर ती एकदम पोचते आणि झोपलेल्याला उठवते. रेडिओला हे जमत नाही, तो आधी कुणीतरी लावलेला असावा लागतो. पण तो इशाराही मनोऱ्यावरूनच येतो. संकट येण्याआधी त्याच्यासारखं साधन नाही. संकट येऊन गेल्यावर, मनोरा पडल्यावर, तो मुका. शिवाय चार ओळींच्या संदेशात टँकरचं वेळापत्रक मावत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या नव्या फोनांचंही असंच. अडकलेल्या एकाची हाक बाहेर नेणं हे त्यांचं बळ आहे. तालुक्याला रोज संध्याकाळी काय चाललंय ते सांगणं हे त्यांचं काम नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. वीज नसेल तर फोनच बंद पडेल, मग त्यातला रेडिओ काय कामाचा? त्यापेक्षा पाचशे रुपयांचा ट्रान्झिस्टर घरात ठेवावा. ठेवावा, जरूर ठेवावा. स्वीडनचं सरकार घरोघरी वाटलेल्या पुस्तिकेत नागरिकांना हेच सांगतं. पण आपल्याकडे किती घरांत चालू ट्रान्झिस्टर आहे आणि असला तर त्यातले सेल किती वर्षांपूर्वी पाझरलेले आहेत, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या माळ्यावर चढून विचारावा. दरडीखालून, पुरातून निसटलेला माणूस कपाटातली वस्तू घेऊन निघत नाही, खिशातला फोन घेऊन निघतो. पडदा बंद, मोबाइल जाळ्याचा शोध बंद आणि रेडिओ चालू, अशा अवस्थेत फोन नेहमीच्या वापरापेक्षा खूप जास्त वेळ टिकतो. सिग्नल शोधत राहणारा फोन बॅटरी कशी खातो हे तर घाटातून प्रवास करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि गंमत म्हणजे फोनकंपन्या तो फारसा घेत नाहीत. फोनात रेडिओ आला, वायर लावली, सुया फिरवल्या. ऐकू काय येणार? मुंबईची अस्मिता वाहिनी आणि पुणे केंद्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले ते मध्यम लहरींवर, आणि त्या लहरी फोनातला एफएम पकडू शकत नाही. प्वेर्तो रिकोत वादळातही बोलत राहिलेलं वापा रेडिओ केंद्र असंच एएमवरचं होतं. पै यांची मागणी मान्य झाली असती तरी ते आयफोनवर उमटलं नसतं. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतली जी गावं दरडीच्या छायेत आहेत तिथेच त्या क्षीण. आकाशवाणीच्या विस्ताराची योजना जाहीर झाली तेव्हा सरकारी आकड्यांप्रमाणे तिचं एफएम देशाच्या ५९ टक्के भूभागापर्यंत आणि ६८ टक्के लोकांपर्यंत पोचत होतं, आणि उद्दिष्ट होतं ६६ आणि ८० टक्क्यांचं. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीची माहिती स्थानिक प्रशासनाने दिली तरच ती सांगण्याची मुभा आहे. केंद्र स्वतःच बुडण्याचाही धोका असतो. सप्टेंबर २०१४च्या पुरात श्रीनगरचं रेडिओ केंद्र पाण्यात गेलं आणि शंकराचार्य टेकडीवरून कामचलाऊ प्रक्षेपण उभं करावं लागलं.

म्हणून रेडिओ निरुपयोगी ठरतो का? श्रीनगरचाच दाखला उलटा वाचता येतो. बुडालेलं मोबाइल जाळं उभं करायला कितीतरी यंत्रणा लागतात. रेडिओला एक टेकडी, एक प्रक्षेपक आणि बोलणारा माणूस पुरला. जपानने यातूनच एक रीत बसवली आहे. १९९५च्या कोबे भूकंपानंतर तिथे तात्पुरत्या आपत्ती-रेडिओची सोय झाली: नगरपालिकेने मागणी करायची, परवाना तातडीने मिळतो, छोटा प्रक्षेपक आणून तिथल्या तिथे केंद्र सुरू. मार्च २०११च्या त्सुनामीनंतर अशी सुमारे तीस केंद्रं उभी राहिली. ओनागावा नावाच्या छोट्या बंदरगावाचं केंद्र त्सुनामीनंतर दीड महिन्याच्या आत सुरू झालं आणि पुढे जवळजवळ पाच वर्षं चाललं, कारण घरं पुन्हा उभी राहीपर्यंत सांगण्यासारखं आणि विचारण्यासारखं संपत नाही.

आपल्याकडे यातलं काहीच परकं नाही. सामुदायिक रेडिओ आहे. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी गेली कित्येक वर्षं तिथल्या बोलीत बोलते आहे. पन्नास-शंभर वॉटचा प्रक्षेपक दहा-पंधरा किलोमीटरचा मुलूख झाकतो आणि दरीतल्या गावांना नेमकं तेवढंच हवं असतं. नाही ती फक्त तयारी: जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षातून थेट बोलता येईल अशी जोडणी, पावसाळ्याआधी तपासलेला एखादा फिरता प्रक्षेपक, आणि आपत्तीत तीन तासांत मिळणारा परवाना. आज सामुदायिक रेडिओचा परवाना काढणाऱ्या संस्थेला किती खात्यांचे उंबरे झिजवावे लागतात ते त्यांनाच विचारावं.

एफएमच जगातून चाललंय, मग त्याची सक्ती कशाला, असंही म्हणतील. नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून हलवल्या, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने २०२४ संपताना एफएम बंद केलं, हे खरं आहे. पण ते देश डिजिटल रेडिओवर गेले, मोबाइल डेटावर नव्हे. हवेतून थेट येणारा आवाज त्यांनीही सोडला नाही. आपल्याकडे तर ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या वाहिन्यांची कंत्राटं लिहिली जातील तेव्हाच त्यांत दोन कलमं घालता येतील: आपत्तीच्या काळात ठरावीक वेळ जिल्हा प्रशासनाच्या हवाली, आणि केंद्रात निदान आठवडाभराचं डिझेल. २०२३च्या त्या पत्राचा नियम करायचा तो याच बैठकीत, याच टेबलावर.