महामारी, जहाजी माल आणि कराराची बांधिलकी

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या व्यापाऱ्याने परदेशातून पोलादी पत्रा मागविला, बँकेमार्फत पतपत्र उघडले आणि माल मुरगाव बंदरी उतरतो न उतरतो तोच देशभर टाळेबंदी जाहीर झाली, अशी कल्पना करावी. मार्च २०२० मध्ये अशा पेचात अनेक आयातदार सापडले. मालमोटारी मिळेनात, गिऱ्हाइकांची दुकाने बंद. पैसे मात्र द्यावयाचे. तेव्हा ‘फोर्स मॅज्युअर’, म्हणजे मानवी नियंत्रणाबाहेरील आपत्तीसंबंधीच्या कलमाकडे धाव घेतली जाणे साहजिक होते. परंतु हे कलम कोणाला व केव्हा सोडविते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजी अशाच एका प्रकरणी निर्णय दिला. दक्षिण कोरियातून पोलाद आणविणाऱ्या काही आयातदारांचे म्हणणे असे की, टाळेबंदीमुळे करार निष्फळ झाला असून पतपत्रावरील रक्कम विक्रेत्यास देण्यास मनाई करावी. न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. विक्रेत्याने माल जहाजावर चढवून आपले काम पुरे केले होते. करारातील आपत्तीचे कलम केवळ विक्रेत्यापुरते होते, खरेदीदारास त्याचा आधार नव्हता. पोलादाचे वितरण व बंदरांचे काम अत्यावश्यक सेवांत मोडत होते आणि टाळेबंदीही मर्यादित काळापुरतीच होती. शिवाय पतपत्र हा बँकेशी झालेला स्वतंत्र व्यवहार होय. आयातदारास आपल्या गिऱ्हाइकांकडून नुकसान सोसावे लागेल, ही सबब विक्रेत्याविरुद्ध चालत नाही.

या विषयाचे मूळ भारतीय करार कायदा, १८७२ यात आहे. (१८९८ साली प्लेगने हुबळी होरपळली, तेव्हाही हाच कायदा लागू होता.) करारातच आपत्तीची तरतूद असेल तर कलम ३२ लागू होते; नसेल तर कलम ५६ पाहावे लागते. त्यानुसार करारानंतर काम अशक्य अथवा बेकायदा झाले तरच करार रद्द ठरतो. काम महाग वा गैरसोयीचे होणे पुरेसे नाही. १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद पडला, तेव्हा सुदानहून हँबुर्गला भुईमूग पाठविणाऱ्या विक्रेत्यास ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने सुटका दिली नाही. आफ्रिकेला वळसा घालणारा लांबचा मार्ग खुला होता.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० च्या ज्ञापनाद्वारे कोरोनाची साथ नैसर्गिक आपत्ती मानावी असे कळविले, ही गोष्ट खरी. परंतु ते ज्ञापन शासकीय खरेदीसंबंधी होते. दोन खाजगी व्यापाऱ्यांमधील कराराचे शब्द त्याने बदलत नाहीत. नौवहन महासंचालनालयाने २९ मार्च रोजी जहाज कंपन्यांना केलेली सूचनाही मर्यादित होती. २२ मार्च ते १४ एप्रिल या काळात कंटेनर अडकून पडल्याबद्दलचा आकार घेऊ नये, एवढेच तीत सांगितले होते. मालाची किंमत चुकविण्याविषयी तीत अवाक्षरही नव्हते.