पुढे होऊन वार झेलणारा खेळ

जॉयस्टिक मागे ओढली की पडद्यावरचा गडी हात आडवे धरून मार अडवतो. १९९१मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर २'ने पोरांच्या मनगटात ही सवय इतकी मुरवली, की समोरून काही येताना दिसलं की हात आपोआप मागे जायचा. तिसऱ्या भागाने नेमकी हीच सवय मोडायला सांगितली. मार येतोय? मग मागे ओढू नकोस, पुढे दाब. फक्त वेळ साध.

या डावपेचाला 'पॅरी' म्हणतात. तिसऱ्या भागाची पहिली आवृत्ती 'न्यू जनरेशन' १९९७ची. त्याच वर्षी 'सेकंड इम्पॅक्ट' आली आणि मे १९९९मध्ये 'थर्ड स्ट्राइक'. आज लोक जिच्यावर जीव टाकतात ती ही शेवटची. सुरुवात मात्र निराशेची होती. जपानच्या कॅपकॉम कंपनीने र्‍यू आणि केन सोडून जुने सगळे भिडू घरी बसवले. गाइल गेला, चुन-ली गेली, लांबच लांब हातांचा आपला भारतीय योगी धालसिमही गेला. एका हातानेच लढणारा म्हातारा ओरो, गुलाबाचा षौक असलेला मिशाळ इंग्रज मुष्टियोद्धा डडली, केनियाची एलेना अशी नवी मंडळी आली. ती सुरेख होती, पण अनोळखी. वर जमाना 'टेकन'सारख्या त्रिमितीतल्या गेमचा. हातांनी काढलेली चित्रं कितीही देखणी असली तरी गिऱ्हाईक त्यांना जुनाट समजू लागलं होतं. 'थर्ड स्ट्राइक'मध्ये चुन-ली परतली आणि निवडायला एकूण १९ लढवय्ये मिळाले, तोवर आर्केडची गर्दी पांगायला लागली होती. (आपल्याकडच्या पार्लरांत कॅपकॉमची खरी ओळख 'मुस्तफा'. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्या गेमचं नाव कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे!)

आता मूळ गोष्टीकडे येऊ. यंत्रावर एक जॉयस्टिक आणि सहा बटणं: तीन ठोशांची, तीन लाथांची, प्रत्येकी हलकं, मध्यम आणि जोरकस. साध्या बचावात मागे धरून बसलं की झालं. पण विशेष डावांपुढे नुसता बचाव केला तरी आयुष्याची पट्टी थोडी थोडी झिजते. पॅरीत तसं होत नाही. मार लागायच्या ऐन क्षणी जॉयस्टिक एकदा पुढे टिचकली की अंगावर निळी झाक चमकते, टणकन आवाज येतो आणि पट्टीतला एक कणही जात नाही. शिवाय मारणाऱ्याचा हात अजून हवेत असतो, तेव्हा झेलणारा मोकळा झालेला असतो. पुढचा ठोसा त्याचा. पायाशी येणारा मार असेल तर पुढेऐवजी खाली टिचकायचं. उडी मारून हवेतही पॅरी करता येते. आधी साधा बचाव करता करता मध्येच पॅरी साधली तर झाक लाल दिसते, आणि ती साधणं भल्याभल्यांना जमत नाही.

यात मेख अशी की पुढे टिचकायचं म्हणजे मागची पकड सोडायची. क्षण चुकला, किंवा वर येईल म्हणून पुढे टिचकलं आणि मार पायाशी आला, तर बचावही नाही आणि पॅरीही नाही, सणसणीत बसते. फिरकीपुढे क्रीज सोडून येणाऱ्या फलंदाजाची हीच गत: चेंडू बॅटवर आला तर सीमापार, हुकला तर यष्टिचीत. आणि समोरचाही काही दूधखुळा नसतो. तुम्ही पॅरीची वाट पाहताय हे त्याने ओळखलं की तो ठोसा मारतच नाही, सरळ जवळ येऊन पकडून आपटतो. पकडीला पॅरी लागू होत नाही. म्हणून दोन तयारीचे खेळाडू कधीकधी एकमेकांपुढे नुसते मागेपुढे डोलत राहतात. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, पण खरा सामना तोच असतो.

याची किंमत गेमने मोजली. र्‍यूचा प्रसिद्ध आगीचा गोळा, हादोकेन, दुसऱ्या भागात राजा होता. लांबून गोळे टाकत समोरच्याला अडवून धरायचं, हा डाव इथे बोथट झाला, कारण गोळा फुकटात झेलता येतो. ज्यांचं कसब त्यावर उभं होतं त्यांचा राग रास्तच होता. शिवाय गेम समतोल मुळीच नाही. चुन-ली, युन आणि केन बाकीच्यांपेक्षा उघड उघड वरचढ आहेत. ट्वेल्व्ह किंवा शॉनला घेऊन जिंकणं म्हणजे हौसेचा मामला.

प्रत्येकाला सामन्याआधी तीन 'सुपर आर्ट'पैकी एकच निवडावी लागते. चुन-लीची दुसरी सुपर आर्ट म्हणजे लाथांची लांबलचक सरबत्ती. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे भरलेल्या 'इव्हो' स्पर्धेत अमेरिकेच्या जस्टिन वाँगने हीच सरबत्ती जपानच्या दाइगो उमेहारावर सोडली. दाइगोच्या केनची पट्टी केसाएवढी उरली होती. साधा बचाव केला असता तरी झिजून तो मेला असता. उरला एकच मार्ग: एकूण एक लाथ पॅरी करायची. त्यातही पहिली लाथ इतकी झटकन येते, की सुपर सुटल्याचं पाहून हात हलवला तर उशीर होतो. अंदाजाने आधीच टिचकावं लागतं. दाइगोने सलग १५ मार झेलले. शेवटची लाथ झेलायला तो जमिनीवर थांबलासुद्धा नाही. उडी मारून ती हवेत झेलली, म्हणजे खाली येतानाच उलटा हल्ला सुरू. तिथून रचलेली मालिका त्याने केनच्या स्वतःच्या सुपर आर्टने संपवली आणि डाव जिंकला. चित्रफितीत शेवटी शेवटी प्रेक्षकांच्या आरोळ्यांत गेमचा आवाज बुडून जातो. ती स्पर्धा मात्र दाइगोने जिंकली नाही. अंतिम फेरीत त्याला दुसऱ्याच एका जपानी खेळाडूने हरवलं.

हा गेम ज्या यंत्रावर चालायचा त्या 'सीपीएस-३'ची कथा वेगळीच. गेम सीडीवर यायचा आणि सोबत सुरक्षेचं एक कार्ट्रिज. गेमची कुलूपबंद माहिती उघडणारी किल्ली त्या कार्ट्रिजमध्ये साठवलेली असायची, आणि ती जिवंत ठेवायची एक बॅटरी. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि पैसे मोजून घेतलेला गेम ठप्प. नक्कल थांबवायला केलेली ही तजवीज प्रामाणिक आर्केडवाल्यालाच भोवायची, याला दूरदृष्टी म्हणवत नाही. या यंत्रासाठी जेमतेम सहा गेम निघाले, त्यातले तीन याच मालिकेचे.

२००८च्या चौथ्या भागात कॅपकॉमने पॅरी काढून टाकली. २०२३च्या सहाव्या भागात ती परतली, पण सौम्य होऊन: दोन बटणं दाबून धरली की झालं. नव्या माणसाला ते सोपं जातं हे खरं, तरी ती जुनी धास्ती त्यात नाही. ज्यांना ती अनुभवायची आहे त्यांच्यासाठी २०१८चा 'थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' संगणकावर आणि घरगुती कन्सोलवर मिळतो. 'थर्ड स्ट्राइक' त्यात आहे. सरावाला समोर र्‍यूला उभा करा आणि त्याचे गोळे झेलण्यापासून सुरुवात करा. चुन-लीच्या लाथांच्या नादी इतक्यात लागू नका.