कड्यावरून वऱ्हाड : चिखलदरा, गाविलगड आणि नरनाळा यांचे दर्शन

थंड हवेचे ठिकाण म्हटले की मराठी प्रवाशाच्या मनात प्रथम हिमालय उभा राहतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण सिमला, मसुरी, दार्जिलिंग या गिरिस्थानांनी गेली दीडशे-दोनशे वर्षे डोंगर पाहण्याची एक रीतच घालून दिली आहे. पहाटे एखाद्या टेकडीवर जायचे आणि तिच्याहून कितीतरी उंच असलेल्या हिमशिखरांवर पहिले ऊन पडताना पाहायचे, अशी ती रीत. दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवर पर्यटक उभे राहतात ते ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगेसाठी. तेथे माणसाची नजर वर चढते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे विदर्भातील एकमेव प्रमुख गिरिस्थान मात्र या रीतीने पाहता येत नाही. येथे कड्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर नजर सरळ खाली, वऱ्हाडच्या काळ्या कापसाळ मातीच्या सपाटीवर उतरते. हा डोंगर आणि ती सपाटी यांचे पाण्याचे, सत्तेचे आणि उपजीविकेचे नाते समजून घेतले, तरच चिखलदऱ्याचे दर्शन पुरे होते.

सातपुड्याची जी रांग अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या उत्तरेस पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, तिला गाविलगडची रांग म्हणतात. ती दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या लाव्हाच्या थरांची, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. तिची दक्षिण बाजू तुटल्यासारखी एकदम खाली येते, याचे कारण तेथे भूकवचाला पडलेली लांब भेग होय. अशा भेगेच्या एका अंगाचा खडक दुसऱ्या अंगाच्या तुलनेत खाली किंवा वर सरकलेला असेल तर तिला भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे गाळाने खोलवर भरत गेले, तर उत्तरेस डोंगर टप्प्याटप्प्याने तापीकडे उतरत राहिला. चिखलदऱ्याची पाहण्याची ठिकाणे पठाराच्या कडेकडेने का आहेत आणि मेळघाटचे दाट जंगल मागच्या अंगाला का आहे, याचा उलगडा या रचनेतून होतो. पाणीही दोन वाटांनी जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या जंगलातून फिरत तापीला मिळतात, तर शहानूर, चंद्रभागा, सापन यांच्यासारखे प्रवाह दक्षिणेकडे मैदानात उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतात, आणि पूर्णाही अखेर तापीलाच मिळते.

चिखलदऱ्याची उंची सुमारे १,११८ मीटर आहे. जवळचे वैराट त्याहूनही उंच, सुमारे १,१७८ मीटर. हिमालयाच्या मापाने ही उंची पायथ्याची ठरेल, पण अकोला आणि अमरावतीच्या मैदानात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असताना या पठाराचे मोल काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. जुन्या इंग्रजी गॅझेटियरने येथील सरासरी तापमान ७१ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सिअस, असे नोंदवले आहे. पाऊस वर्षाला सुमारे १५४ सेंटिमीटर पडतो. पायथ्याच्या सपाटीवर तो याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण १८२३ मध्ये प्रथम हेरले, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि १८३९ पासून ते वऱ्हाडातील गोऱ्या अधिकाऱ्यांचे आरोग्यस्थान झाल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. हा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. उटकमंड, महाबळेश्वर, सिमला, दार्जिलिंग ही ठिकाणे याच दोन दशकांत आकाराला आली, कारण मैदानातील उष्मा आणि तापाच्या साथी यांपासून शिपाई व अधिकारी वाचवायचे तर उंचावर जावे, ही वैद्यकीय समजूत तेव्हा दृढ झाली होती. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि तिच्यालगतच्या परतवाड्याहून घाट चढता येत असे. सामान बैलगाड्यांवर आणि उंटांवर लादून वर नेले जाई. साहेबांनी बंगले बांधले, गुलाब लावले, बटाटे आणि कॉफी यांची लागवड केली. कॉफीची झाडे येथे आजही आहेत आणि महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचे नाव घेतले जाते. अलीकडे जवळच्या मोथा गावातील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीही घेतली आहे. डोंगरातील गवळी कुटुंबांचा खवा मात्र या सगळ्या लागवडींइतकाच येथल्या ओळखीचा भाग आहे. दुधाचा हा धंदा या डोंगरात फार जुना आहे.

‘पॉइंट’ पाहत फिरण्याची पद्धतही त्याच वसाहतकाळाची देणगी होय. हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट ही नावे तीच साक्ष देतात. त्यांच्याच शेजारी वेगळ्या जगातील ठिकाणे आहेत. देवी पॉइंटला कड्याच्या पोटातील गुहेत देवीचे स्थान असून तिच्या छतातून पाणी झिरपत असते. पंचबोल येथे समोरासमोरच्या कड्यांमुळे एका हाकेचे अनेक प्रतिध्वनी ऐकू येतात. भीमकुंडाशी कीचकवधाची कथा जोडलेली आहे. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या आश्रयाला असताना भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले आणि कुंडात अंग धुतले, अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि वैराट हे त्या विराटाचे ठाणे मानले जाते. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर ही कथा टिकावी अशी अपेक्षा करणे चुकीचे होईल; एवढ्या खोल आणि एवढ्या अचानक तुटलेल्या दरीला महाभारताखेरीज दुसरे परिमाण लोकांना सुचले नाही, हेच त्या दरीचे खरे वर्णन आहे.

या सर्व ठिकाणांत सर्वाधिक वेळ द्यावा असे ठिकाण गाविलगड हेच आहे, आणि एका दिवसात दहा पॉइंट उरकणाऱ्या सहलींत नेमका तोच सुटतो ही खेदाची गोष्ट आहे. चिखलदऱ्यापासून हा किल्ला दोन-तीन किलोमीटरवर, त्याच पठाराच्या दक्षिण टोकाशी आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधला असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्यापूर्वी येथे गवळी राजांचा कोट होता ही स्थानिक परंपरा आहे. बहमनी राज्य फुटल्यावर वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन करणाऱ्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने १४८८ मध्ये किल्ल्याची दुरुस्ती केली. हा फतहुल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातील हिंदू होता आणि लहानपणी युद्धात पकडला जाऊन बहमनी चाकरीत वाढला होता. गडाच्या दिल्ली दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पुराणप्रसिद्ध पक्षी, आणि हत्तींना नखांत धरणारी सिंहाकृती श्वापदे पाहताना हा तपशील आठवतो, कारण गंडभेरुंड ही विजयनगरच्या परंपरेतील आवडती आकृती आहे. आतील मोठी मशीद, खान तलाव, देवी तलाव, पडके बुरूज आणि मोठ्या तोफा यांतून बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल आणि भोसले अशा सत्तांचे थर एकावर एक चढलेले दिसतात.

किल्ल्याची रचना दोन भागांची आहे. आतला किल्ला दक्षिणेला, जेथे कडा सर्वांत उभा आहे तेथे. आणि बाहेरचा किल्ला उत्तर व वायव्य बाजूंना, जेथे डोंगर पठाराला जोडलेला आहे तेथे. मैदानातून पाहणाऱ्याला हा गड अजिंक्य वाटतो, आणि दक्षिणेकडून तो तसा होताही. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, हे ओळखले. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर त्याने कर्नल स्टीव्हन्सनला धामणगावच्या बाजूने डोंगरात घातले आणि तोफा सुमारे ३० मैलांच्या रानवाटेने, शिपायांकडून रस्ता फोडून घेत, गडाच्या उत्तरेस लाबाडा या जागी नेल्या. स्वतः तो दक्षिणेकडे राहिला. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला, दोन दिवसांत तटाला खिंडारे पडली आणि १५ डिसेंबर रोजी बाहेरचा किल्ला पडला. आतल्या तटाला मात्र खिंडार नव्हते. ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने दरीतून वर चढून शिड्या लावल्या आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला.

आजचा पर्यटक चिखलदऱ्याहून किल्ल्यात शिरतो तेव्हा तो त्याच उत्तर बाजूने शिरतो, आणि परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे येणारा आजचा घाटरस्ता त्याला त्याच पठारावर आणून सोडतो. गडाचा कणखरपणा समजायचा असेल तर एकदा पायथ्याच्या गावातून तो कडा पाहावा आणि मग वर यावे. गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याजवळच्या देवगावी दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तह केला. कटक प्रांत कंपनीला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले. ३० डिसेंबरला, या युद्धात भोसल्यांच्या जोडीने लढलेल्या शिंद्यांनी केलेला तहही याच डोंगराच्या सावलीतील सुर्जी-अंजनगावचा. ओडिशाच्या किनाऱ्याचे आणि शिंद्यांकडच्या गंगा-यमुना दोआबाचे भवितव्य एका महिन्यात वऱ्हाडच्या या पायथ्याशी ठरले, ही गोष्ट येथील शाळकरी सहलींत आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

गडाच्या मागे मेळघाट पसरला आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत महाराष्ट्रातील हा एकमेव होता. त्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, ढाकणा, तारूबांदा ही नावे जंगल पाहणाऱ्यांच्या ओठांवर असतात. वाघ दिसेलच असे हे रान नाही. साग आणि बांबूंनी भरलेल्या उभ्या-आडव्या दऱ्यांत तो सहज दृष्टीस पडत नाही. मेळघाटचा खरा मान रानपिंगळ्याचा आहे. हे छोटे घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना दिसलेच नव्हते आणि ते नामशेष झाले असे मानले जात होते. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा शोधले, आणि पुढे मेळघाट हा त्याचा मोठा आसरा असल्याचे दिसून आले.

या जंगलाचे मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा संथाळी व मुंडारी यांच्या कुळातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील आहे आणि त्या शाखेची ही अगदी पश्चिमेकडची वस्ती होय. चहूकडे मराठी, हिंदी आणि गोंडी असताना ती शेकडो वर्षे टिकून आहे. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मेघनाथाची पूजा आणि गादली-सुसून हे नृत्य त्यांच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी, वैराट, चुर्णी, पस्तलाई अशी गावे जंगलाबाहेर हलवण्यात आली. आज वैराटच्या माळावर गवत दाटले आहे, त्यावर सांबर आणि गवे चरतात, आणि दृश्य निःसंशय सुंदर आहे. परंतु हे कुरण काही काळापूर्वीपर्यंत कोणाचे तरी गावठाण होते, हे पाहणाऱ्याने जाणून असावे.

अकोल्याच्या प्रवाशाला डोंगराचे दुसरे दार जवळचे आहे. अकोट तालुक्यात, शहानूर गावाच्या वर नरनाळा किल्ला आहे. जाफराबाद आणि तेलियागड हे त्याचे दोन जोडकिल्ले. अकबराच्या काळात हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे ठाणे होते. याचा महाकाली दरवाजा १४८७ मधला असून त्यावरील कमळे, जाळीदार गवाक्षे आणि अरबी लिपीच्या पट्ट्या इतक्या नाजूक आहेत की वऱ्हाडातील दगडी कोरीवकामात त्याला तोड सापडणे कठीण. नौगजी तोफ आणि गडावरील अनेक तलाव पाहण्यासारखे आहेत. याच भागातून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी धावे आणि धूळघाटाजवळ चढ तोडण्यासाठी तिचा मार्ग स्वतःवरूनच वळसा घेऊन पुढे जाई. अकोटच्या पुढची ही वाहतूक २०१७ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली आणि व्याघ्र प्रकल्पातून रुंद मार्ग न्यावा की जंगलाबाहेरून, हा मोठा वाद झाला. जंगलाबाहेरचा मार्ग लांबचा असला तरी तेल्हारा आणि जळगाव जामोदकडच्या गावांना रेल्वे देणारा आहे, आणि म्हणून तोच अधिक न्याय्य वाटतो.

चिखलदऱ्यात हरिकेन पॉइंट ते गोराघाट असा ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला आणि तेव्हापासून चर्चा त्याचीच आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा या लहान गावाच्या पाण्यावर, कचऱ्यावर आणि रस्त्यावर किती भार पडतो याचा विचार पुलाच्या लांबीइतकाच अगत्याचा आहे. पाण्याची गोष्ट तर केवळ गावापुरती नाही. कड्यावरून स्वच्छ हवेत जी सपाटी दिसते, तिच्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो; पूर्णेच्या गाळातील भूजल तेथे इतके खारट आहे की विहिरीचे पाणी पिण्याला आणि ओलिताला चालत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर धरण आणि तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला वान नदीवर बांधलेले हनुमान सागर धरण, ही दोन्ही याच डोंगराचे पाणी अडवतात, आणि तेथून निघालेल्या नळांनी ते खारपाणपट्ट्यातील गावांना प्यायला मिळते.